पत्रेवाल्याच्या मदतीने रेडिओलहरी

मिनी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री घाईत ७८०५ बायपास झाला, ९ व्होल्ट थेट ८०५१ वर गेले आणि चिप खलास! "लॅबच धड नाही," म्हणून मी मोकळा झालो. मग जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र हाती आलं आणि गप्पच बसलो.

१८५८ साली जन्मलेले बोस इंग्लंडमध्ये शिकून १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला, तर तीन वर्षं त्यांनी पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र चालूच. शेवटी थकबाकीसकट पूर्ण पगार मिळाला.

संशोधनाला धड प्रयोगशाळा नव्हती. पठ्ठ्याने एका पत्रेवाल्याला हाताशी धरून उपकरणं बनवली. १८९५ मध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. लहरींचं ध्रुवीकरण अभ्यासायला चक्क पिळलेला ताग वापरला! गॅलेना डिटेक्टरचं त्यांचं अमेरिकन पेटंट १९०४ चं, म्हणजे आपल्या डायोडचा पणजोबाच. १९३७ मध्ये ते गेले.

मी दुसरी चिप आणली. या खेपेला सॉकेटमध्ये बसवण्याआधी मल्टीमीटर लावला. बरोबर ५ व्होल्ट!