शिष्यवृत्ती संपली तेव्हा

विद्यार्थ्यांनो, भारतीय संविधानाचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर तुम्हांला माहीत आहेत. त्यांच्या नावापुढे लिहिलेल्या मोठमोठ्या पदव्याही तुम्ही पाहिल्या असतील. पण त्या पदव्या मिळवायला पैसे कोठून आले, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे का? या पाठात त्या पैशांचीच हकिकत वाचू या.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या एका चाळीत राहू लागले. घरात माणसे पुष्कळ आणि पेन्शन थोडी. भीमरावांना तर पुस्तकांचे वेड! हाती पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात. तिचा एखादा दागिना मागून आणत आणि तो गहाण ठेवून मुलाला पुस्तक घेऊन देत. पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत करत. शाळेत भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. पण अस्पृश्य मानलेल्या मुलाला ते शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी भाषा घेतली. तुमच्या उर्दूत फारसी शब्द किती आहेत, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात जाऊ लागले. पुढे रामजींना खर्च झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. त्या पैशांवर भीमराव बी.ए. झाले. १९१३ साली महाराजांनीच त्यांना अमेरिकेला पाठवले. शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, तीही फक्त तीन वर्षांसाठी. शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची, असा करारही होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते रात्रंदिवस अभ्यास करत. पत्नी रमाबाई मुंबईत काटकसरीने घर चालवत होत्या. त्यांनाही त्या साडेअकरा पौंडांतूनच काही पाठवावे लागे. मग नाटक-सिनेमा आणि चैनीच्या गोष्टी दूरच राहिल्या. उरलेल्या पैशांतून भीमराव जुनी पुस्तके विकत घेत. १९१५ साली ते एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडनला गेले. तेथे एकीकडे अर्थशास्त्राचा आणि दुसरीकडे बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला.

आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धाच झाला होता. अशा वेळी पुष्कळ जण निराश होऊन परत येतात आणि त्यांचे शिक्षण तेथेच थांबते. भीमरावांनी मात्र निघण्यापूर्वी एक महत्त्वाचे काम केले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या यशाचे मूळ या परवानगीत आहे. दार बंद होण्याआधी त्यांनी त्यात पाऊल अडकवून ठेवले! ते पहिले महायुद्धाचे दिवस होते. त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. पण तेथे त्यांना राहायला घर कोणी देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी खरी जात कळली. लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांनी भीमरावांना बाहेर काढले. परदेशात शिकून आलेला हा विद्वान एका बागेत झाडाखाली बसून रडला. मग ते मुंबईला परतले.

आता नोकरी नव्हती आणि डोक्यावर संसार होता. त्यांनी शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. शेवटी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये होता. त्या काळी ही रक्कम मोठी होती, पण त्यांनी चाळीतली खोली सोडली नाही. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती द्यायची आणि उरेल ते लंडनसाठी बाजूला टाकायचे, असा नियम त्यांनी केला. या काटकसरीचा अर्धा भार रमाबाईंनी उचलला, हे विसरून चालणार नाही.

तरीही पैसे पुरेनात. कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. अमेरिकेत जोडलेला मित्र नवल भाथेना याने ५,००० रुपये कर्जाऊ दिले. हा मित्र पारशीच होता, बरे का! आणि जुलै १९२० मध्ये, चार वर्षांची मुदत संपण्याआधी, आंबेडकर पुन्हा लंडनच्या बोटीत बसले.

लंडनमध्ये सकाळी पावाचा एक तुकडा आणि कपभर पेय घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात. दुपारचे जेवण नाहीच. रात्री फार भूक लागली, तर मुंबईहून आणलेले पापड भाजून खात आणि पुन्हा वाचत बसत. १९२१ साली ते एम.एस्सी. झाले. पुढे बॅरिस्टरही झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तोपर्यंत पैसे पुन्हा संपले होते. १९२३ साली ते मुंबईला आले, येथेच प्रबंध दुरुस्त केला आणि लंडनला पाठवून दिला. त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. पण वकिलीची सनद घ्यायलाही खिशात पैसे नव्हते! तेही भाथेनानेच दिले.

पुढे बाबासाहेब केंद्र सरकारात मजूरमंत्री झाले. त्यांच्या प्रयत्नाने १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. दिवसभर नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे, म्हणून तेथे सकाळी वर्ग भरत.