सर्वांसाठी शाळा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोज शाळेत येता. शाळा आपल्या हक्काची आहे, असे तुम्हांला वाटते. पण एके काळी गरिबांच्या मुलांना हा हक्क नव्हता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात या हक्कासाठी झगडणाऱ्या एका वकिलाची ही ओळख आहे. त्यांचे नाव थॅडियस स्टीव्हन्स.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यात झाला. त्यांचा एक पाय जन्मतःच वाकडा होता. वडील घर सोडून गेले. आईने काबाडकष्ट करून चार मुलांना वाढवले. मुलांना चांगली शाळा मिळावी, म्हणून ती दुसऱ्या गावी राहायला गेली. थॅडियस खूप शिकले आणि १८१६ साली गेटिसबर्ग येथे वकिली करू लागले.

त्या काळी अमेरिकेत गुलामगिरी होती. १८२१ साली एका मालकाच्या बाजूने स्टीव्हन्स यांनी खटला जिंकला. त्यामुळे एका स्त्रीला मुलांसह गुलामीत परत जावे लागले. पुढे मात्र हेच वकील गुलामगिरीचे कट्टर शत्रू झाले. पळून आलेल्या गुलामांचे खटले ते फी न घेता लढवू लागले.

१८३३ साली ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. तेथे गरिबांच्या मुलांची फी सरकार भरत असे. पण त्यासाठी आईवडिलांना आपण गरीब आहोत, असे जाहीर करावे लागे. मुलांना किती लाज वाटत असेल, विचार करा! १८३४ साली सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा झाला. दुसऱ्यांच्या मुलांसाठी आम्ही कर का द्यावा, असे म्हणत अनेकांनी त्याला विरोध केला. कायदा रद्द होण्याची वेळ आली. तेव्हा ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स यांनी प्रभावी भाषण केले आणि कायदा वाचला.

पुढे ते अमेरिकेच्या संसदेत गेले. यादवी युद्धात, १८६३ साली, शत्रुसैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. तरी ते डगमगले नाहीत. १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व १८६८ साली घटनेत आले. या दोन्ही कामांत त्यांचा मोठा वाटा होता. अखेरच्या दिवसांत चालवत नसे, म्हणून लोक त्यांना खुर्चीत बसवून सभागृहात नेत.

११ ऑगस्ट १८६८ रोजी त्यांचे निधन झाले. लँकेस्टर शहरातील इतर दफनभूमींत काळ्या लोकांना जागा मिळत नव्हती. म्हणून जेथे सर्वांना प्रवेश होता, अशी लहानशी दफनभूमी त्यांनी स्वतःसाठी आधीच निवडली होती. मुलांनो, आयुष्यभर ज्या समतेसाठी ते लढले, ती त्यांनी मृत्यूनंतरही सोडली नाही.