कुस्ती म्हणजे खांद्यांची लढाई, खाशाबा जाधवांनी ती ऑलिम्पिकपर्यंत नेली

दोन्ही खांदे टेकले की पैलवान चीत. कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव हा धडा तांबड्या मातीत शिकले.

खांद्याची खोबण उथळ असते. म्हणून हात चौफेर फिरतो, पण सांधा निखळायची भीतीही तिथेच जास्त. बाहेरून पिळदार दिसतो तो डेल्टॉइड, तो हात वर उचलतो. आतले चार छोटे स्नायू मात्र हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात. पैलवानाची खरी भिस्त या न दिसणाऱ्या चौघांवर.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा मॅटवर लढून सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी चक्क घर गहाण ठेवलं.

तिथे जपानच्या इशीसोबतची लढत लांबली, खाशाबा हरले. लगेच सोव्हिएत मल्लासमोर उतरावं लागलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण भांडायला भारतीय अधिकारीच हजर नव्हता. दमलेल्या अंगाने तीही लढत गेली. तरी ब्राँझ आणलंच, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक!

१९८४ मध्ये रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो त्यानंतर.