होमी जहांगीर भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक होते. थोरियमवर आधारित वीजनिर्मितीचे देशाचे दीर्घकालीन धोरण त्यांनी आखले.

== जीवन ==
भाभा यांचा जन्म मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे त्यांनी प्रथम यांत्रिक अभियांत्रिकीचे व नंतर भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. विश्वकिरणांवरील संशोधनामुळे त्यांना आंतरराष्ट्रीय ख्याती लाभली. १९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ते येथेच राहिले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत काही काळ काम केल्यावर १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

== थोरियमचे अर्थकारण ==
भारतात युरेनियमचे साठे मर्यादित व कमी प्रतीचे होते. मात्र केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल होते. थोरियमचे थेट विखंडन घडवून ऊर्जा मिळवता येत नाही. न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ मध्ये रूपांतर व्हावे लागते. म्हणून भाभा यांनी १९५४ मध्ये त्रिस्तरीय कार्यक्रम मांडला. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमच्या भट्ट्यांतून वीज व प्लुटोनियम, दुसऱ्या टप्प्यात प्लुटोनियमवर चालणाऱ्या प्रजनक भट्ट्या आणि तिसऱ्या टप्प्यात थोरियम, असा हा क्रम होता.

कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या प्रदेशांत अणुवीज किफायतशीर ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र अणुवीज केंद्राच्या खर्चात उभारणीच्या भांडवलाचा वाटा मोठा आणि इंधनाचा तुलनेने लहान असतो. त्यामुळे स्वस्त थोरियमने होणारी बचत मर्यादित राहते. शिवाय वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करावी लागते. युरेनियम-२३३ सोबत तयार होणाऱ्या युरेनियम-२३२ च्या क्षयातून तीव्र गॅमा किरण बाहेर पडत असल्याने नवे इंधन जाड संरक्षक भिंतींआडून, दूरनियंत्रित यंत्रांनी घडवावे लागते. जागतिक बाजारात युरेनियम स्वस्त असेपर्यंत हा वाढीव खर्च भरून निघणे कठीण असते. भाभांच्या योजनेचा खरा आधार स्वस्ताईपेक्षा इंधनाच्या स्वावलंबनाचा होता.

तथापि, पहिली वीज लवकर मिळावी यासाठी तारापूर येथे अमेरिकी बनावटीच्या, आयात समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या स्वीकारण्यात आल्या. यासंबंधीचा करार १९६३ मध्ये झाला. १९७४ च्या अणुचाचणीनंतर या इंधनाच्या पुरवठ्यात अडचणी आल्या आणि परावलंबनाची किंमत स्पष्ट झाली.

== मृत्यू व वारसा ==
२४ जानेवारी १९६६ रोजी मों ब्लां पर्वतावर झालेल्या एअर इंडियाच्या विमान अपघातात भाभा यांचे निधन झाले. १९६७ मध्ये तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये कल्पाक्कम येथे युरेनियम-२३३ वर चालणारी 'कामिनी' ही लहान संशोधन भट्टी कार्यान्वित झाली.