आल्फ्रेड कास्टलर: अणूंना प्रकाशाने रांगेत उभं करणारा माणूस

मॅप्समधला निळा ठिपका बघून आपण बिनधास्त गल्लीत वळतो. तो ठिपका बरोबर जागी पडावा म्हणून जीपीएसच्या उपग्रहांत रुबिडियमची अणुघड्याळं चालू असतात. ती ज्या युक्तीवर चालतात, तिचं नाव ऑप्टिकल पंपिंग. ती सुचली आल्फ्रेड कास्टलर यांना.

त्यांचा जन्म १९०२ चा, आल्सासमधला. तेव्हा हा प्रांत जर्मनीत होता, म्हणून शाळा जर्मनमध्ये. पहिल्या महायुद्धानंतर प्रांत फ्रान्सकडे गेला आणि पुढचं शिक्षण फ्रेंचमध्ये झालं. १९२१ मध्ये ते पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये दाखल झाले. मग काही वर्षं शाळेत शिकवलं, पुढे विद्यापीठात. १९४१ मध्ये, पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, ते आपल्या जुन्या कॉलेजात शिकवायला परतले. तिथेच ज्याँ ब्रोसेल हा विद्यार्थी भेटला, तो पुढे आयुष्यभराचा सहकारी झाला.

१९५० मध्ये कास्टलर यांनी ऑप्टिकल पंपिंगची कल्पना मांडली. अणूचा स्पिन म्हणजे इवलंसं लोहचुंबक समजा. एरवी यांची तोंडं वाटेल तिकडे असतात. त्यांच्यावर वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश टाकला की चुकीच्या दिशेचे अणू तो शोषतात, वरच्या पातळीवर जातात आणि खाली येताना त्यातले काही योग्य दिशेला वळतात. योग्य दिशेचे अणू तो प्रकाश शोषतच नाहीत, म्हणून तिथेच साठत जातात. पंपाने गच्चीवरची टाकी भरावी, तसंच! १९५२ मध्ये त्यांच्या टीमने सोडियमवर हे करून दाखवलं.

पण टाकी गळते. वाफेतला अणू काचेच्या भिंतीवर आपटला की शिस्त विसरतो. याला स्पिन रिलॅक्सेशन म्हणतात. त्यावर दोन उपाय निघाले: बाटलीत निष्क्रिय वायू भरायचा, म्हणजे अणू भिंतीपर्यंत उशिरा पोचतो, किंवा काचेला आतून पॅराफिनचा, म्हणजे मेणाचा, थर द्यायचा.

ही गळती थांबवण्याला एवढं महत्त्व का? कारण चुंबकीय क्षेत्रात स्पिन भोवऱ्यासारखा डोलतो. रुबिडियम-८७ मध्ये दर नॅनोटेस्लाला सेकंदाला सुमारे ७ फेऱ्या. हे डोलणं जितका वेळ टिकेल, तितकं मोजमाप बारीक. अणुवाफेचे मॅग्नेटोमीटर याच तत्त्वावर चालतात. (मोबाइलमधला कंपास वेगळा, ती साधी चिप असते.)

१९६६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल एकट्या कास्टलर यांना मिळालं. ब्रोसेल यांचं नाव त्यात नव्हतं. कास्टलर पुढे अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले, जर्मनमध्ये कविता लिहीत राहिले आणि १९८४ मध्ये गेले.

ती लॅब आजही पॅरिसमध्ये सुरू आहे. तिच्या नावात मात्र दोघं आहेत: कास्टलर ब्रोसेल लॅबोरेटरी.