केडगावची शेतकरीण : पंडिता रमाबाई

देवाने पहिल्या माणसास राहावयास दिले ते राजवाड्यात नव्हे, बागेत. आणि तीही नुसती फळे खाण्यासाठी नव्हे, तर मशागत करण्यासाठी व राखण्यासाठी. ही गोष्ट शब्बाथ शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. पण मोठेपणी आपण ती विसरतो आणि भक्ती मंदिरात व शेती शिवारात अशी वाटणी करून मोकळे होतो. ज्यांनी अशी वाटणी कधी केली नाही, अशा एका भगिनीचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याला त्यांची विद्वत्ता आठवते, विधवांसाठी काढलेले शारदा सदन आठवते, मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर आठवते. परंतु रमाबाईंनी जमीन घेतली, विहिरी खोदविल्या, झाडे लाविली आणि दुष्काळात हजारोंच्या पोटाची जबाबदारी उचलली, याचा उल्लेख क्वचितच होतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. घरची भाषा मराठी, आणि पुढे कानडीही त्यांना चांगली अवगत झाली. बेळगाव-निपाणीकडील आपल्या मंडळ्यांना त्या अगदी घरच्या वाटाव्यात, अशीच ही हकीकत आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकांचा विरोध सोसावा लागला. शेवटी ते पत्नीसह रानात जाऊन राहिले. पहिली रात्र उघड्यावर, वाघाच्या डरकाळ्या ऐकत काढावी लागली. पुढे तेथे घर उभे राहिले, विद्यार्थी येऊ लागले. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आतिथ्य करता करता पैसा सरला, आणि रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले. तान्ह्या रमाबाईंना पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणण्यात आले. तेव्हापासून जन्म तीर्थयात्रेत गेला. पायाखाली वाट होती, पण हक्काची जमीन नव्हती.

मग दुष्काळ आला. पुराण सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबाला मजुरी ठाऊक नव्हती आणि भीक मागणे जमत नव्हते. कित्येक दिवस त्यांनी पाण्यावर, झाडाच्या पानांवर आणि मूठभर रानखजुरांवर काढले. १८७४ साली थोड्याच काळाच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी, अर्धपोटी उत्तरेकडे चालत राहिली. झेलम नदीकाठच्या थंडीत पांघरूण नव्हते म्हणून दोघांनी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. शास्त्रे मुखोद्गत होती, तरी पोटात अन्न नव्हते. ही आठवण रमाबाईंना जन्मभर पुरली.

पुढचा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला; त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्या अमेरिकेस गेल्या. तेथील हितचिंतकांनी संस्था स्थापून विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

दहा वर्षांचे अभिवचन म्हणजे मोठाच आधार होता. दुसरा कोणी त्यावर निर्धास्त राहिला असता. रमाबाईंनी मात्र अकरावे वर्ष डोळ्यांपुढे ठेविले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात वादळ उठले, सल्लागार मंडळ बाजूला झाले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. माणसांचा आधार किती लवकर सुटतो, हे त्यांनी पाहिले. परदेशची मदत थांबल्यावर या मुलींनी काय खावे? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी जमिनीत शोधिले. पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सोलापूरच्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन स्नेह्यांच्या मदतीने घेतली. तेथे फळबाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा बेत होता. मुलूख कमी पावसाचा, तेव्हा झाडांबरोबर विहिरीही आल्या. इसहाकाने गरारच्या खोऱ्यात विहिरी खणल्या, तसेच हे काम होते. विश्वासाचे आणि कष्टाचेही.

झाडे मोठी होईपर्यंत काळ थांबला नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ही बातमी ऐकताच रमाबाईंना आपली आई, वडील व बहीण आठवली. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेगची साथ होती; इतकी माणसे शहरात ठेवता येईनात. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवर तंबू व गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातूनच ‘मुक्ति’ची वसाहत निर्माण झाली. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत आणखी भयंकर दुष्काळ पडला आणि मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आसपासच्या विहिरी आटल्या असता मुक्तीच्या विहिरींत रोज संध्याकाळी तळ दिसे आणि सकाळी पुन्हा पाणी भरलेले असे, असे सांगतात. ते देवाचे देणे होते यात शंका नाही. पण पाणी झेलायला विहीर आधी खोदलेली होती, हेही ध्यानात ठेवावे.

मुक्तीत कोणी नुसते बसून खात नसे. मुली शेतात राबत, भाजीपाला काढीत, गुरे सांभाळीत, घाण्यावर तेल काढीत, हातमागावर कापड विणीत, छापखान्यात खिळे जुळवीत. अंध भगिनींना वाचन आणि वेताचे विणकाम शिकविले जाई. उच्चवर्णीय विधवा आणि दुष्काळात सापडलेली रानातली पोर एकाच पंगतीस बसत. श्रमाला कमीपणा मानणाऱ्या समाजात हा मोठाच धडा होता. रमाबाई स्वतः साध्या पांढऱ्या सुती वस्त्रात राहत आणि जन्मभर शाकाहारी होत्या. स्वतःसाठी थोडे घ्यावे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात काही उरते, हे त्यांच्या राहणीतूनच मुली शिकल्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. हे दुःख सोसून रमाबाईंनी भाषांतराचे काम तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निद्रिस्त झाल्या. केडगावचे मुक्ति मिशन आजही चालू आहे.

वाचकहो, या चरित्रातून आपल्या भागाने काय घ्यावे? निपाणीचे नाव तंबाखूच्या बाजारपेठेमुळे दूरवर गेले. तंबाखूने पुष्कळांच्या हाती पैसा दिला, पण तंबाखूने पोट भरत नाही. बेळगावच्या आसपासची भाजी बाजारात जाते, आणि कितीतरी मंदिरांच्या आवारात मात्र गवत वाढते. शंभर एकरांची गरज नाही. मंदिराच्या छपरावरचे पावसाचे पाणी एका टाकीत साठवावे. स्वयंपाकघरातला ओला कचरा व पालापाचोळा एका खड्ड्यात कुजवावा. दोन वाफ्यांत मेथी, माठ, चवळी पेरावी. कुंपणाला शेवगा व कढीपत्ता लावावा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी प्रत्येक वर्गाला एक वाफा द्यावा. दर रविवारी निघेल ती भाजी मंडळीतील विधवेच्या, आजाऱ्याच्या आणि शेजारच्या गरजूच्या घरी, तो कोणत्याही धर्माचा असो, मुलांच्याच हातून पोहोचवावी. पेरणारा आणि देणारा हात एकच असला म्हणजे दानात उपकाराची भावना राहत नाही.

रमाबाईंनी जी झाडे लाविली, ती मोठी होण्यापूर्वीच त्यांच्या दारी भुकेलेले आले. म्हणून उद्याच्या पावसाची वाट पाहत न बसता आजच खड्डा खणून ठेवावा. वाढ देणारा प्रभू आहे. कुदळ मात्र त्याने आपल्या हाती दिली आहे.