वसईचा विजेता चिमाजी अप्पा

थोरल्या बाजीरावांच्या तेजापुढे धाकट्या बंधूंची कीर्ती काहीशी झाकोळली. बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे हे पुत्र प्रकृतीने नाजूक होते. तरीही १७२८ मध्ये आमझेऱ्याच्या लढाईत माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि १७३६ मध्ये रेवसजवळ सिद्दी सात हे दोघेही चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना पडले. मात्र इतिहासाने त्यांना लक्षात ठेवले ते साष्टी आणि वसईमुळे.

आज ज्या भूमीवर वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतची उपनगरे उभी आहेत, ते साष्टी बेट आणि उत्तरेकडील वसई दोन शतके पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. धर्मांतराच्या जाचाने गांजलेल्या तेथील रयतेच्या वतीने अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी मंडळी पेशव्यांकडे सतत दाद मागत होती. अखेर १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि बेट पोर्तुगीजांच्या हातून निसटू लागले. वसई मात्र दाद देईना. पुढच्या वर्षी ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगीज सेनानी पेद्रो द मेलो मारला गेला.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र व खाडी. उत्तरेकडे तेवढी वाळूची जमीन. तिथूनच तटाखाली सुरुंग खणण्यात आले. काही सुरुंग अवेळी उडाले आणि त्यात आपलीच माणसे दगावली. मे महिन्यातील अखेरच्या हल्ल्यांत मराठ्यांचे हजारो सैनिक कामी आले. पोर्तुगीजांची हानी त्यामानाने पुष्कळच कमी होती. एवढे रक्त सांडल्यावर सूडाची भावना बळावणे अस्वाभाविक नव्हते, पण अप्पांनी शरणागतांना शस्त्रे, निशाणे आणि वाद्यांसह सन्मानाने बाहेर पडू दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मोकळीक मिळाली. त्यांच्या पराक्रमाइतकाच हा संयमही मोलाचा मानावा लागेल.

खाडीपलीकडे मुंबईत बसलेल्या इंग्रजांनी वारे ओळखले. जुलै १७३९ मध्ये त्यांच्या वतीने कॅप्टन इंचबर्डने वसईला येऊन अप्पांशी तह केला.

विजयाचे सुख फार टिकले नाही. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अप्पाही. त्यांचे पुत्र सदाशिवराव, म्हणजे पुढे पानिपतावर पडलेले भाऊसाहेब, तेव्हा अवघे १० वर्षांचे होते.

वसई फत्ते व्हावी म्हणून अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, असे सांगतात. तेथील मंदिर त्यांच्याच आज्ञेने बांधले गेले. वसई प्रांतातील चर्चच्या मानल्या जाणाऱ्या घंटा आजही मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात पाहायला मिळतात.